धक्क्याला लागलेली तारिणी

कोल्हापूरचं पाणी अरबी समुद्राकडे पाठ फिरवून वाहतं. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते आणि कृष्णा अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरते. आंबा घाट किंवा गगनबावडा उतरला की समुद्र काही तासांवर आहे. तरी बोट म्हटली की आपल्यासमोर येते ती रंकाळ्यात पायडल मारत फिरवायची बोट, नाहीतर २०१९ च्या महापुरात गल्लीत शिरलेली रबरी होडी. बोटीत माणसं बसतात, एवढं आपल्याला ठाऊक. बोटीत माणसं महिनोन् महिने राहतात, तिथंच रांधतात, तिथंच आजारी पडतात, सणवारही तिथंच काढतात, हे मात्र आपल्यापासून फार लांबचं.

आता ही एक तारीख बघा : २२ डिसेंबर २०२४. गोव्यात बांधलेली ५६ फुटी शिडाची बोट, भारतीय नौदलाची ‘तारिणी’, त्या दिवशी न्यूझीलंडमधल्या लिटलटन बंदरात शिरली. बोटीवर माणसं दोनच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. पहिली कोझिकोडची, दुसरी पुदुच्चेरीची. ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून निघून अठ्ठावीस दिवस झाले होते आणि मागे सुमारे ३४०० सागरी मैल पडले होते. पुढचं प्रस्थान ४ जानेवारीला. म्हणजे नाताळ आणि नवं वर्ष दोन्ही बंदरातच.

सुट्टीच्या दिवसांत धक्क्याला बांधून ठेवलेली बोट करते तरी काय? आपल्याला वाटतं, विश्रांती घेत असेल. मला या विषयाचा नाद लागला तो इथंच. समुद्रात बोट वारा आणि लाटांशी झुंजते हे दिसतं, कळतं. पण धक्क्याला लागली की तिच्यावर गुपचूप हल्ले सुरू होतात आणि त्यातले काही तर विजेच्या तारेतून येतात.

आधी हा मुक्काम नेमका नाताळातच का पडला ते पाहू. त्यात योगायोग फारसा नाही. शिडाच्या बोटीनं पृथ्वीप्रदक्षिणा करायची तर दक्षिण गोलार्धात चाळीस ते साठ अंशांच्या पट्ट्यात उतरावं लागतं. तिथं पश्चिमेचे वारे पृथ्वीभोवती फिरतात आणि त्यांना अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. दक्षिण अमेरिकेचं टोक, म्हणजे केप हॉर्न, त्या पट्ट्यात सगळ्यात अवघड. ते ओलांडायचं तर दक्षिणेतल्या उन्हाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. त्या हिशेबानं मागे मोजत आलं की पावसाळा सरता सरता भारतातून निघावं लागतं आणि वर्षअखेरीला न्यूझीलंड येतं. तारिणी गोव्याहून २ ऑक्टोबरला निघाली होती. केप हॉर्न तिनं १५ फेब्रुवारीला ओलांडलं.

प्रदक्षिणेचे नियमही मजेशीर आहेत. निघालात तिथंच परत यायचं. सगळी रेखावृत्तं ओलांडायची. विषुववृत्त दोनदा. पनामा किंवा सुएझसारख्या कालव्यातून जायचं नाही. आणि अंतर निदान २१,६०० सागरी मैल भरलं पाहिजे. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, अंशाच्या कला ६०, दोन्हींचा गुणाकार २१,६००. एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघाची एक कला, १.८५२ किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या घेराएवढं अंतर कापल्याशिवाय प्रदक्षिणा घातली म्हणायचं नाही. तारिणीचा अख्खा प्रवास पुढे सुमारे २५,४०० सागरी मैलांचा झाला.

या सगळ्याचं मूळ एका अशा गावात आहे जिथून समुद्र दिसत नाही. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रविजेते, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले. भारतीयानं एकट्यानं, शिडाच्या बोटीनं जगाला फेरी मारावी हा ध्यास त्यांचा. त्यातून ‘सागर परिक्रमा’ उभी राहिली. पहिला मान कमांडर दिलीप दोंदे यांचा. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले, चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले आणि अशी फेरी एकट्यानं पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांची बोट ‘म्हादेई’ बांधली रत्नाकर दांडेकर यांनी, मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या आपल्या कारखान्यात. नाव नदीचं. खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगवणारी म्हादेई गोव्यात मांडवी होते आणि पंचगंगेच्या उलट दिशेला, पश्चिमेला जाते. तारिणी ही म्हादेईची धाकटी बहीण. त्याच कारखान्यातली, डच आराखड्यावरची, फायबरग्लासची, २०१७ साली नौदलात आलेली. डोलकाठी जवळपास २५ मीटर, आठ मजली इमारतीएवढी.

तर अशी बोट लिटलटनला आली. हे बंदर म्हणजे एका विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड. कोटभर वर्षांपूर्वी हा डोंगर थंडावला, पुढे त्याची एक बाजू झिजून समुद्र आत शिरला आणि चहूबाजूंनी डोंगर असलेली खाडी तयार झाली. पन्हाळ्याचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांचा. त्या मानानं लिटलटन लहान पोर.

बंदरात शिरल्यावर पहिलं काम विश्रांतीचं नसतं. न्यूझीलंडमध्ये परदेशी बोट आली की आधी जैवसुरक्षेचे अधिकारी येतात. फळं, भाज्या, मांस, मध, बी-बियाणं, जे काही उरलं असेल ते दाखवायचं आणि बरंचसं देऊन टाकायचं. बुटांच्या तळव्याला लागलेली मातीसुद्धा तपासतात. कोल्हापुरी घालून कुणी उतरलं तर आधी तिचा तळ घासून काढावा लागेल. हसण्यावारी नेऊ नका. समुद्रात लांब एकटी पडलेली ही बेटं. तिथले पक्षी, किडे, झाडं बाहेरच्या शत्रूशी कधी भिडलेलीच नाहीत. एका आंब्यातली फळमाशी तिथल्या बागा बसवू शकते.

तपासणी बोटीच्या पोटाचीही होते. खुल्या समुद्रात आठवडाभर गेला की बोटीच्या तळाला बार्नॅकल नावाचे जीव चिकटायला लागतात. कवच बघून शंख-शिंपल्याची जात वाटते, पण हे खेकड्याच्या कुळातले. पिल्लू असताना पोहतं, जागा पसंत पडली की डोक्यानं चिकटतं, स्वतःचा सिमेंटसारखा डिंक सोडतं, आणि उरलेलं आयुष्य डोकं खाली रोवून, पायांनी अन्न ओढून खातं. चार्ल्स डार्विननं उत्क्रांतीचा ग्रंथ लिहिण्याआधी आठ वर्षं या एकाच जीवाच्या अभ्यासात घालवली, ते उगाच नाही. बोटीच्या दृष्टीनं मात्र हे ओझं. तळ खडबडीत झाला की वेग मंदावतो, आणि महिन्याभराच्या टप्प्यात मंदावलेला वेग म्हणजे जास्तीचे दिवस, जास्तीचं अन्न, जास्तीचा धोका. शिवाय परक्या बंदरात हे जीव सुटले तर तिथलं पाणीच बिघडतं. म्हणून पोट घासून ठेवणं ही बोटवाल्याची जबाबदारी धरतात.

मग बांधणी. मरीना म्हणजे बोटींचा तळ, तरंगत्या पुलांच्या रांगा आणि प्रत्येक बोटीला वीज-पाणी. मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या बोटी पाण्यातल्या बोयांना बांधलेल्या दिसतात, तिथं होडीनं जावं लागतं. मरीनात उडी मारली की पुलावर. हे पूल पाण्यावर तरंगतात आणि तळाशी रोवलेल्या खांबांना कड्यांनी अडकवलेले असतात. भरती आली की पूल आणि बोट दोन्ही एकदमच वर जातात, ओहोटीला एकदमच खाली. लिटलटनला भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटरचा. पक्क्या धक्क्याला बोट बांधली तर कुणीतरी रात्री उठून दोर सैल-घट्ट करत बसावं लागतं. तरंगत्या पुलामुळे ती रात्र झोपेची होते. दोर मात्र दोन पुरत नाहीत. पुढचा, मागचा आणि मधून तिरपे जाणारे दोन, असे निदान चार लागतात. तिरपे दोर नसतील तर दावणीच्या म्हशीसारखी बोट पुढे-मागे ओढ घेत राहते आणि दोर कुरतडून तुटतो.

आता ती विजेची गोष्ट. समुद्रात बोट आपली वीज आपणच करते, उन्हावर आणि इंजिनवर, आणि बॅटरीत साठवते. धक्क्याला आल्यावर जाड केबल लावली की घरच्यासारखी वीज. न्यूझीलंडचा दाबही आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. पण या केबलमध्ये एक अर्थिंगची तार असते, आणि खरा खेळ तिथं आहे.

शाळेत आपण लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खोचून वीज तयार करतो. दोन वेगळे धातू, मधे आंबट किंवा खारट पाणी, बाहेरून जोडणारी तार, एवढ्यावर बॅटरी होते. त्यात एक धातू झिजतो. बोटीचा पंखा ब्राँझचा, त्याचा दांडा स्टीलचा, भोवती खारं पाणी. म्हणजे बोटीखाली कायमच एक बॅटरी चालू असते. ती थांबवता येत नाही, म्हणून नाविक तिला चारा घालतात. दांड्यावर जस्ताचा गोळा बसवतात. जस्त सगळ्यांत आधी झिजतं आणि बाकीचे धातू वाचतात. त्या गोळ्याला ‘बळीचा’ म्हणतात ते अगदी रास्त. अर्धा झिजला की नवा बसवायचा.

मरीनात काय होतं? अर्थिंगच्या तारेनं रांगेतल्या सगळ्या बोटी एकमेकींना जोडल्या जातात. पाणी तर सगळ्यांना एकच. आता शेजारच्या बोटीनं आपला जस्ताचा गोळा बदललेला नसेल, तर त्या बोटीचा पंखा वाचवायला तुमचं जस्त झिजायला लागतं. तुम्ही बिछान्यात झोपलेले, तिकडे शेजाऱ्याचं लोखंड तुमचं जस्त खातंय. समुद्रात महिनोन् महिने पुरणारा गोळा गजबजलेल्या मरीनात बघता बघता संपलेला नाविकांनी पाहिलाय. बरं, ती तार तोडता येत नाही. बोटीत कुठं वीज गळली तर तीच माणसाचा जीव वाचवते. उपाय म्हणून मधे एक छोटं उपकरण बसवतात. ते धातूंच्या बॅटरीचा अगदी कमी दाबाचा प्रवाह अडवतं आणि धोक्याचा मोठा प्रवाह मात्र जाऊ देतं. मला या सगळ्या विषयात एवढं शहाणं यंत्र दुसरं दिसलं नाही.

पाण्याचंही असंच उलटंपालटं. समुद्रावर पिण्याचं पाणी यंत्रानं करतात. आपल्या घरच्या आरओचंच तत्त्व, पण खाऱ्या पाण्यातलं मीठ हटवायला दाब लागतो वातावरणाच्या पन्नास-साठ पट. बंदरात आल्यावर हे यंत्र बंद. बंदराच्या पाण्यात तेलाचा तवंग आणि गाळ असतो, त्यानं आतला पडदा खराब होतो. मग नळाच्या पाण्यानं ते धुवून ठेवावं म्हटलं तर नळाच्या पाण्यात क्लोरिन, आणि क्लोरिन तर पडद्याचा वैरीच. म्हणून कोळशाच्या गाळणीतून पाणी घेऊन धुवायचं. पॅसिफिक पचवणारं यंत्र, आणि त्याला नळाचं पाणी सोसत नाही.

टाक्या भरल्या की धुण्याचा कार्यक्रम. शिडं, दोर, कप्प्या, गाद्या, सगळं गोड्या पाण्यानं धुवायचं. खाऱ्या पाण्यात भिजून वाळलेलं कापड हवेतलं बाष्प ओढून घेतं आणि कधीच नीट सुकत नाही.

डोलकाठीवर चढणं हे मुक्कामातलं सगळ्यात मोठं काम. खुर्चीवजा पट्ट्यात बसायचं आणि खालच्या माणसानं दोरानं वर खेचायचं. काठीला चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा जिथं टोकाला पक्क्या बसवलेल्या असतात, तिथं आतल्या आत एखादी बारीक तार तुटलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. जुनी युक्ती अशी, की कापूस किंवा मऊ कागद तारेवरून फिरवायचा. कुठं अडकला तर तिथं तार तुटली आहे. दक्षिण समुद्रात डोलकाठी मोडली तर काय होतं हे भारतीय नाविकांना चांगलं माहीत आहे. २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता एकट्यानं फेरी मारलेले अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागरात वादळात सापडले. काठी मोडली, पाठीच्या मणक्याला जबर इजा झाली, आणि तीन दिवसांनी फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’नं त्यांना उचललं. तारिणीच्या या दोघींना घडवणारे मार्गदर्शक हेच टॉमी.

तारिणीच्या पहिल्या फेरीतही बंदरानंच हात दिला होता. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखालच्या सहा जणींनी २०१७-१८ मध्ये ती फेरी केली. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं.

माणसांच्या शरीराचीही गंमत ऐका. दोनच माणसं असली की समुद्रावर एकीनं कायम जागं राहायचं, झोप तुकड्यातुकड्यांत. धक्क्यावर पाय ठेवला की जमीन हलायला लागते. खरंच हलल्यासारखी वाटते, आणि बंद न्हाणीघरात सगळ्यात जास्त. कानातला तोल सांभाळणारा अवयव बरोबर सांगत असतो की सगळं स्थिर आहे. पण मेंदूनं महिनाभर लाटेचा हिशेब आधीच वजा करायची सवय लावून घेतलेली असते. लाट थांबली तरी वजाबाकी चालूच राहते. दिवस-दोन दिवसांत बहुतेकांची ती सवय सुटते.

मग बाजार. पुढचा टप्पा लिटलटन ते फॉकलंडचं पोर्ट स्टॅनली, सुमारे ५६०० सागरी मैल, सगळ्यांत लांब. वाटेत दुकान नाही. कांदे-बटाटे हवेशीर जाळ्यांत टांगतात. अंडी न धुतलेली घेतात आणि दर एक-दोन दिवसांनी उलटी करतात, म्हणजे बलक एका बाजूला कवचाला चिकटत नाही. आणि पुठ्ठ्याची खोकी बोटीत घेतच नाहीत. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये झुरळाची अंडी असू शकतात. खोकी धक्क्यावरच फोडून माल सुटा आत न्यायचा. नाहीतर वाटेत झुरळांचा बंदोबस्त कोण करणार?

या सगळ्या धांदलीत तिथं नाताळ येतो तो भर उन्हाळ्यात. सूर्य दुपारी उत्तरेला असतो आणि मावळतो रात्री नऊनंतर. पोहुतुकावाच्या झाडांना लाल फुलं येतात. त्यालाच तिथं नाताळाचं झाड म्हणतात. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. लिटलटनमध्ये २०२५ उजाडलं तेव्हा कोल्हापुरात ३१ डिसेंबरचे दुपारचे साडेचार वाजले होते.

सुट्टीच्या दिवसांत जगाच्या टोकाला निघण्याची या बंदराला जुनी सवय आहे. ध्रुवप्रवासी स्कॉटचं ‘डिस्कव्हरी’ जहाज इथूनच २१ डिसेंबर १९०१ ला अंटार्क्टिकाकडे निघालं. तसाच ध्रुवप्रवासी शॅकल्टन, त्याचं ‘निमरॉड’ निघालं १ जानेवारी १९०८ ला, आणि कोळसा वाचावा म्हणून त्याला दुसऱ्या आगबोटीनं बर्फापर्यंत ओढत नेलं.

तारिणी ४ जानेवारीला सुटली. पूर्वेला जाताना वाटेत १८० अंशांचं रेखावृत्त लागतं आणि तिथं तारीख एक दिवस मागे जाते. पूर्वेकडे तोंड करून जगाला फेरी घालणाऱ्याला सूर्य एकदा जास्त उगवलेला दिसतो, त्याची ही वजावट. मग ३० जानेवारीला आला पॉइंट निमो, कुठल्याही जमिनीपासून सगळ्यात दूरचा समुद्रातला बिंदू. सगळ्यात जवळचा किनारा सुमारे २६८८ किलोमीटरवर. अंतराळ स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं, म्हणजे ते डोक्यावरून जाताना तिथल्या माणसाला सर्वांत जवळची माणसं अंतराळात असतात. नाव ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचं, आणि तो निमो कादंबरीत मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र दाखवला आहे. त्या बिंदूवर पहिल्यांदा शिडाच्या बोटीनं पोचलेल्या भारतीयांमध्ये या दोघी आहेत, आणि तिथलं पाणी त्यांनी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी भरूनही घेतलं. अशा जागी जस्ताचा गोळा बदलायला किंवा तार तपासायला कुणी येत नाही. ती कामं लिटलटनच्या तेरा दिवसांतच होऊन जायला हवीत.

तारिणी २९ मे २०२५ ला गोव्यात परतली. पुढच्या वेळी गोव्याला जाल तेव्हा एक दुपार किनाऱ्यावरून काढून ठेवा. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला जाणारी फेरीबोट पकडा. जगाला फेऱ्या मारून आलेल्या म्हादेई आणि तारिणी या दोन्ही बोटी पहिल्यांदा याच मांडवीच्या पाण्यात उतरल्या होत्या.